मास्तरांचा पगार आणि चौदा पोरांची शाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौदा मुलं आणि दोन शिक्षक. दोघांचा मिळून पगार दोन लाखांच्या घरात. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षिकेला नऊ हजार मिळतात, तरी गावातली निम्मी पोरं पिवळ्या गाडीनं तिकडेच जातात. मग ही शाळा एखाद्या संस्थेला चालवायला का देऊ नये? किंवा पगाराचा पैसा सरळ पालकांच्या हातात का देऊ नये? आणि एक घरचा प्रश्न. बहिणीचं डी.एड. झालंय, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आहे. त्याच इंग्रजी शाळेनं तिला नऊ हजारांवर बोलावलंय. जावं का?"

मी तीन वर्षं विनाअनुदानित शाळेत, मग जिल्हा परिषदेत शिक्षक, केंद्रप्रमुख (दहा-बारा शाळांच्या गटाचा प्रमुख) आणि शेवटी विस्तार अधिकारी म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे. त्यामुळे शिक्षकांची बाजू घेईन असा तुमचा संशय असेल तर तो काही अगदीच चुकीचा नाही. पण आधी तुमचं गणित पूर्ण करू, कारण तुम्ही ते संकोचानं अर्ध्यावर सोडलंय.

महिना दोन लाख म्हणजे वर्षाला 24 लाख. भागिले चौदा. मुलामागे वर्षाला 1 लाख 71 हजार रुपये, तेही फक्त पगाराचे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या 25 टक्के जागांसाठी सरकार खासगी शाळेला मुलामागे वर्षाला 17,670 रुपये प्रतिपूर्ती देतं. म्हणजे तुमच्या गावचं पोर जवळजवळ दहापट महाग पडतं. हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल, बंद करा ही शाळा.

आता हेच शिक्षक, हाच पगार ठेवा आणि पट चौदाऐवजी 140 धरा. कायद्याच्या निकषाप्रमाणे प्राथमिकला पाच शिक्षक लागतील. वर्षाचा पगार 60 लाख, मुलामागे 43 हजार. मास्तरांच्या पगारातला एक रुपयाही कमी न करता खर्च चौपटीनं उतरला. तेव्हा तुमच्या शाळेचा खर्च मुख्यतः पटामुळे आहे, पगार त्यानंतर येतो. पंधरा घरांच्या वाडीला रस्ता नेला की माणशी खर्च असाच डोळे फिरवणारा येतो, पण म्हणून कुणी रस्त्याच्या मुकादमाचा पगार काढत नाही.

दुसरं गणित पालकांच्या हातात पैसे देण्याचं. सरकारनं चौदा पालकांना प्रत्येकी 17,670 दिले तर एकूण 2 लाख 47 हजार होतात, महिन्याला साडेवीस हजार. त्यात दोन शिक्षक, वीज, खडू, शौचालयाची सफाई आणि शिवाय संस्थाचालकाला काहीतरी उरायला हवं. कोण येईल तुमच्या वाडीत शाळा काढायला? कुणी येणार नाही, पिवळी गाडी येईल. ती पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडे थांबेल, आणि ज्या चार घरांना गाडीचे पैसे झेपत नाहीत त्यांची पोरं, त्यातही मुली, शेळ्यांमागे जातील. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. तेव्हाचा सरकारी आकडा होता सुमारे 14,700 शाळा आणि त्यांत 1 लाख 85 हजार मुलं. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा. तुमची शाळा अपवाद नाही, ती चौदा-पंधरा हजारांतली एक आहे. समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. गाडीची हमी, तिचा डिझेलचा खर्च आणि सोबत बाई, एवढं कायमचं लिहून मिळत असेल तर बारा पोरांपेक्षा साठ पोरांत मूल जास्त शिकतं, खेळतंही. पण माझ्या नोकरीत शाळा बंद झाल्याचा आदेश नेहमी वेळेवर आला, वाहतूक भत्ता मात्र नेहमी मागून.

आता त्या नऊ हजारांकडे येऊ. खरी गोम तिथं आहे.

1991 साली मी डी.एड. होऊन एका विनाअनुदानित प्राथमिक शाळेत लागलो. महिन्याच्या सात-आठ तारखेला लिपिक पगारपत्रक पुढे सरकवायचे. त्यावर पूर्ण श्रेणीचा पगार लिहिलेला असायचा, रेव्हेन्यू स्टँप लावलेला, त्यावर सही. मग ड्रॉवरमधून चार शंभराच्या नोटा. पहिल्यांदा मी पत्रकाकडे आणि नोटांकडे आळीपाळीनं पाहिलं तर लिपिक शांतपणे म्हणाले, "गुरुजी, अनुदान आलं की सगळं मिळतं." ते चारशे माझ्या खोलीचं भाडं आणि खानावळ भागवून संपायचे. गावाकडून ज्वारी यायची, तूरडाळ यायची, आई लोणच्याची बरणी द्यायची. त्या शाळेची फी कमी होती आणि पालक खूश होते. पण त्या शाळेला स्वस्त म्हणणं मला जड जातं, कारण तिचा अर्धा खर्च माझे वडील दीड एकर कोरडवाहूतून भरत होते. खासगी शाळा कमी पैशात चालते असं कुणी म्हटलं की मी एवढंच विचारतो, उरलेलं बिल कुणाच्या घरी जातंय?

मी 1994 ला जिल्हा परिषदेत निघून आलो. जे मागे राहिले आणि जे माझ्यानंतर अशा शाळांत लागले त्यांची कथा मोठी आहे. 2001 मध्ये सरकारनं ठरवलं की नव्या शाळा यापुढे 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच मिळतील. हजारो मुलंमुली त्या शाळांत चिकटली, अनुदान कधीतरी येईल या आशेवर. 2009 च्या जुलैमध्ये 'कायम' हा शब्द वगळला. अनुदानाचा पहिला 20 टक्क्यांचा टप्पा हातात पडायला 2016 उजाडलं, तोही सगळ्यांना नाही. 2003 ला पंचविसाव्या वर्षी लागलेला मास्तर तोवर अडतीस वर्षांचा झालेला. त्या तेरा वर्षांत त्यानं शिकवण्या घेतल्या, रिक्षा चालवली, लग्नसराईत वाढपी म्हणून गेला. आझाद मैदानावर पावसात छत्री धरून बसलेले जे शिक्षक टीव्हीवर दिसतात, ते बहुतेक हेच. त्यांच्या मागणीकडे पाहताना 'यांना अजून किती पगार हवा' असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नसतं की हे पगारवाढ मागत नाहीत, पगार मागताहेत.

सरकारनंही वेगळं काही केलं नाही. 2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आली. काम पूर्ण शिक्षकाचं, पहिली तीन वर्षं मानधन. प्राथमिकला महिना 3,000 रुपये, माध्यमिकला 4,000. पुढे ते 6,000 आणि 8,000 झालं, आणि तिथेच अनेक वर्षं गोठलं. 2023 मध्ये 16,000 आणि 18,000 केलं. माझ्या केंद्रात एक शिक्षणसेविका होती, रोज एसटीनं येऊन-जाऊन करायची. सहा हजारांतले अठराशे तिकिटाला जायचे. तिचा वर्ग केंद्रात सगळ्यात नीटनेटका. कमी पैशात चांगलं काम होतं याचा पुरावा म्हणून तुम्ही तिला उभं करू शकता. मी तिला विचारलं होतं, एवढं कसं निभावतेस? म्हणाली, "सर, तीनच वर्षं आहेत." कायमचं व्हायचं आश्वासन काढून घ्या आणि मग बघा ती किती दिवस येते.

याविषयीचे अभ्यास तुमच्या बाजूनं थोडे झुकतात, ते लपवण्यात अर्थ नाही. आंध्र प्रदेशात मुरलीधरन आणि सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेचं शुल्क भरण्यासाठी व्हाउचर दिलं आणि चार वर्षं पाठपुरावा केला. तेलुगू आणि गणितात खासगीत गेलेली मुलं सरकारीपेक्षा पुढे गेली नाहीत, हिंदीत गेली. पण खासगी शाळेचा मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी होता, आणि तिथल्या शिक्षकांचा पगार सरकारी शिक्षकांच्या सहाव्या हिश्श्याएवढा. म्हणजे तेवढंच शिकवलं, स्वस्तात. खासगीकरणवाले इथं टाळी वाजवतात आणि पुढचं वाचत नाहीत. एवढ्या कमी पगारात शिकलेली माणसं मिळतात कारण ती गावातल्या गावात अडकलेली असतात. बहुतेक तरुण मुली, लग्नाआधीची दोन-चार वर्षं. उद्या राज्यातल्या साठ हजारांच्या आसपास असलेल्या जिल्हा परिषद शाळा त्याच भावात चालवायच्या म्हटलं तर दर गावात गणित येणारी आणि दुसरीकडे जाऊ न शकणारी अशी मुलगी सापडली पाहिजे. कुणाची तरी अडचण हा शिक्षणखात्याचा पाया कसा होऊ शकतो?

शिक्षक संघटनांना न आवडणारा अभ्यास दुसरा आहे. इंडोनेशियात प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचं मूळ वेतन जवळपास दुप्पट केलं गेलं. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर शिक्षक जास्त समाधानी, जोडधंदे कमी, उसनवारी कमी, आणि मुलांचे गुण जिथल्या तिथे. माझा अनुभवही हाच. सातव्या वेतन आयोगानं वर्गातलं काही बदललेलं मी पाहिलं नाही. चौकटीत बसलेल्या माणसाचा पगार वाढला म्हणून तो उद्यापासून वेगळं शिकवत नाही. पण पगारामुळे उद्या चौकटीत कोण येतं ते ठरतं. आमच्या वेळी बारावीला वर्गात पहिला-दुसरा आलेला मुलगा डी.एड.ला जायचा, कारण नोकरी आणि श्रेणी दोन्ही नक्की. मे 2012 मध्ये शिक्षकभरती थांबवली, ती अनेक वर्षं थांबलेलीच राहिली. भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 ला, त्यानंतरची थेट 2023 ला. दरम्यान डी.एड. महाविद्यालयांत जागा ओस पडल्या, अनेकांनी कुलपं लावली. हुशार पोरानं तिकडे का वळावं? जोतीराव फुले 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे सांगत होते की प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावात पंधरा-वीस द्यावेत. बरा माणूस या कामाकडे यावा म्हणून पगार, हा हिशेब त्यांनी तेव्हाच मांडला होता. आज शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपवलेल्या नव्या शिक्षकाची श्रेणी 29,200 पासून सुरू होते, महागाई भत्ता धरून पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत जाते. तुम्ही म्हणता तो लाखाचा आकडा वीस-पंचवीस वर्षं झालेल्यांचा आहे. दोघंही शिक्षक जुने असले की शाळा महाग दिसते. भरती वर्षानुवर्षं बंद ठेवली की सगळेच जुने राहतात, ही वेगळीच गंमत.

मग तुमच्या शाळेत काहीच खोट नाही का? आहे, मोठी आहे.

एकदा मी एका द्विशिक्षकी शाळेत घड्याळ लावून पूर्ण दिवस बसलो. एक शिक्षक प्रशिक्षणाला गेलेले. दुसऱ्यांकडे पहिली ते चौथी एकत्र. परिपाठ झाला. मग तांदूळ मोजून स्वयंपाकाच्या मावशींना दिला, तेल संपलेलं, त्यासाठी दुकानात मूल पाठवलं. तिसरीतली एक मुलगी हातच्याची वजाबाकी घेऊन आली. बावन्नातून सव्वीस. तिनं सहातून दोन वजा करून चार लिहिले होते, कारण दोनातून सहा जात नाहीत. गुरुजींनी काड्यांचे गठ्ठे काढले, एक गठ्ठा सोडवायला लागले आणि मोबाईल वाजला: 'अतितातडीचे, आधार दुरुस्तीची माहिती 12 पर्यंत.' मुलगी काड्या धरून उभी. गुरुजी ओट्यावर गेले, कारण रेंज तिथेच येते. परत आले तेव्हा जेवणाची सुट्टी. दिवसाअखेर माझ्या वहीत भरलं दोन तास दहा मिनिटं प्रत्यक्ष शिकवणं, चार इयत्तांत मिळून. त्या पोरीच्या वजाबाकीचं काय झालं हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि त्याची बोच अजून आहे, कारण ती आधारची माहिती मागणाऱ्या साखळीत मीही होतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम देऊ नये. कागद भरणं मात्र 'शैक्षणिक'च समजलं जातं.

इंग्रजी शाळेतल्या नऊ हजारवाल्या बाईला हा फोन येत नाही. तिचे पाच-सहा तास वर्गातच जातात. पालकाला दिसतं ते हे: तिथं बाई वर्गात, इथं गुरुजी ओट्यावर. माध्यम, टाय, पिवळी गाडी यांचं आकर्षण आहेच, पण मला विचाराल तर पालक मुख्यतः वर्गातल्या माणसाच्या हजेरीला फी देतात. संस्थेकडे शाळा सोपवल्यानं हे आपोआप सुटतं असं नाही. सुटतं ते माहिती भरायला केंद्रासाठी एक लिपिक दिल्यानं. त्याचा खर्च दहा-बारा शाळांत वाटला तर किती येतो, तुम्हीच काढा.

कामचुकार शिक्षकही आहेत. जाग्यावर न राहता घरभाडं उचलणारे, गावच्या राजकारणात बुडालेले. मी माझ्या काळात दोघांची वेतनवाढ रोखण्याचे प्रस्ताव वर पाठवले. एकाचं काही झालं नाही. दुसऱ्याची बदली झाली, अधिक सोयीच्या गावी. नोकरीची शाश्वती हवी हे मी शेवटपर्यंत म्हणेन, पण वर्गात न जाण्याची शाश्वती ही तिच्यात फुकट मिळणारी वस्तू झाली आहे, आणि संघटना त्यावर गप्प बसतात. मार्च 2023 च्या जुन्या पेन्शनच्या संपाला लोकांची सहानुभूती कमी पडली ती याच रागातून.

'संस्थेला देऊन टाका' याबद्दल एवढंच सांगतो की महाराष्ट्रात सरकारी विरुद्ध खासगी अशी सरळ रेघ कधी नव्हतीच. रयत शिक्षण संस्था 1919 ची. आपल्याकडचं माध्यमिक शिक्षण मोठ्या प्रमाणात अशा खासगी संस्थांनी उभं केलं, पगार सरकारनं दिला. तेही संस्थांना चालवायला देणंच होतं, फक्त फी आणि नफा बाहेर ठेवून. वाईट काय शिरलं तेही पाहिलंय: नेमणुकीचा भाव, आणि बोगस पट. ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत कित्येक शाळांत निम्म्याहून जास्त पोरं कागदावर निघाली. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर अनुदानाचा प्रश्नच उरला नाही, सगळा भार फीवर. आणि 2023 ची दत्तक शाळा योजना म्हणजे देणगीदारानं ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांत 50 लाखांच्या वस्तू-सेवा द्यायच्या आणि शाळेला नाव जोडून घ्यायचं. पगार सरकारचाच. खासगीकरण म्हणून तिच्यावर ओरड झाली, पण देणगीदार येणार ते हमरस्त्यावरच्या शाळेला. चौदा पोरांच्या वाडीत पाटी कोण वाचणार? चिलीनं 1981 पासून व्हाउचरचा मोठा प्रयोग केला आणि 2015 मध्ये कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा, फी आणि मुलं निवडून घेणं बंद करायला लावलं. चौतीस वर्षांनी.

एक गोष्ट मात्र पिवळ्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावी. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण 2018 ला 65.6 टक्के होतं, कोविडनंतर 2022 ला 72.9 झालं, 2024 ला पुन्हा 66.8. बापाचं काम गेलं तेव्हा पोर परत आलं. शाळा तिथं होती म्हणून आलं.

तुमच्या शाळेबद्दल माझा सल्ला: शाळा व्यवस्थापन समितीत जा. तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तुम्हाला कुणी अडवणार नाही. पगार किती हा विषय काढू नका, दोन्ही शिक्षक गेल्या महिन्यात किती दिवस कुठे होते ते हालचाल रजिस्टरमधून काढा. प्रशिक्षण, बैठका, मतदारयादीचं (बीएलओचं) काम, रजा, वेगवेगळं. तो कागद ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मी त्या खुर्चीच्या शेजारी बसलोय, अशा कागदाला उत्तर द्यावं लागतं. आणि पट वाढवायचा तर पिवळ्या गाडीतल्या चार घरांशी पहिलीच्या आधी, एप्रिलमध्ये बोला. जूनमध्ये फी भरून झालेली असते.

बहिणीबद्दल. पैशांची अगदीच निकड असेल तर जाऊ द्या, पण वर्षभरासाठी, आणि अभियोग्यता चाचणीचा अभ्यास सोडायचा नाही. तीस-बत्तीस मुलांसमोर रोज उभं राहणं हेही शिक्षण आहे. नेमणुकीचा लेखी आदेश मागावा, पगार बँकेतच घ्यावा. 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा अनुदान असो-नसो सगळ्या खासगी शाळांना लागू आहे, हे तिनं स्वतः वाचून ठेवावं. 'लवकरच टप्पा येतोय, जागेसाठी अमुक लाख भरा' असं कुणी म्हणालं तर उठून यावं. वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षणखात्याची मंजुरी) आणि शालार्थ आयडी (सरकारी पगार निघायला लागणारा ऑनलाइन क्रमांक) यांच्या नावावर काय काय चालतं ते 2025 मध्ये नागपूरच्या बनावट आयडी प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. आणि मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, साक्षांकित प्रती द्यायच्या, मूळ कागद संस्थेच्या कपाटात ठेवायचे नाहीत. माझी डी.एड.ची गुणपत्रिका मला 1994 साली दोन महिन्यांचा पगार परत करून सोडवावी लागली होती. आठशे रुपये.